पिकअपचे मागचे पाटे बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे–नाशिक रस्त्यावर पाट्यांच्या कामात माझी वीसेक वर्षं गेली. पाटे म्हणजे मागच्या एक्सलवर गाडीचा भार पेलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या बाकदार पोलादी पट्ट्या, लीफ स्प्रिंग. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, दुधाचे कॅन, वाळू, जनावरं, मांडवाचं सामान, सगळं वाहणाऱ्या पिकअप आमच्याकडे येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो आहे. बोलेरो पिकअप, योद्धा, दोस्त किंवा त्या मापाची कुठलीही गाडी डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

१. पाटे "बसले" हे नेमकं कसं ओळखायचं? मला तर गाडी नेहमीसारखीच दिसते.

रोज बघणाऱ्याला दिसत नाही, टेपला दिसतं. गाडी रिकामी करा, सपाट जागी लावा, मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा. मग चाकाच्या मधोमधपासून सरळ वर हौद्याच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. दोन बाजूंत बोटभर फरक निघाला तर खालच्या बाजूचा पाटा संशयित. दोन्ही बाजू सारख्याच खाली गेल्या असतील तर हा ताळा फसतो. अशा वेळी मेन पाट्याच्या (सगळ्यात लांब पाट्याच्या) एका डोळ्यापासून, म्हणजे गोल वळवलेल्या टोकापासून, दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरा ताणून धरा आणि मधल्या पोटाशी किती अंतर राहतं ते बघा. ते त्याच मॉडेलच्या चांगल्या गाडीशी जुळवून पाहा. रिकाम्या गाडीतच दोरा पाट्याला चिकटत असेल तर कमान (पाट्याचा बाक) गेली.

आणखी एक खूण म्हणजे बंप रबर, गाडी फार दबली तर एक्सलचा धक्का झेलणारा रबराचा ठोकळा. त्याचं तोंड घासून चकचकीत झालं असेल किंवा फाटलं असेल, तर एक्सल रोज त्याच्यावर आपटतो आहे.

२. एकच पाटा मोडलाय. तेवढाच बदलू की पूर्ण सेट?

गाडी दोन-तीन वर्षांची असेल, कमान शाबूत असेल आणि मोडण्याचं कारण सापडलं असेल (प्रश्न १७ पाहा), तर तेवढाच पाटा बदला. मात्र त्याच क्रमांकाचा पाटा दुसऱ्या बाजूलाही नवीन घाला. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे थकलेला, अशी जोडी लावली की गाडी तिरकी बसते आणि नव्या पाट्यावर त्याच्या वाट्यापेक्षा जास्त भार येतो.

सेट जुना असेल, पाट्यांच्या मधून गंज फुगून बाहेर आला असेल किंवा दोन पाटे मोडले असतील, तर डावा-उजवा दोन्ही सेट बदला. अशा सेटमध्ये एखादा पाटा टाकून घेतलेले बरेच जण पुढच्या हंगामात परत येतात. मजुरी दोनदा जाते आणि भर हंगामात गाडी उभी राहते ती वेगळीच.

३. दुकानात गेल्यावर काय सांगायचं? "बोलेरोचे पाटे द्या" म्हटलं तर पुरतं का?

नाही पुरत. एकाच नावाच्या गाडीत १.३ टन, १.७ टन, लांब हौद्याची, सीएनजीची असे प्रकार असतात आणि त्यांचे पाटे वेगळे असू शकतात. आरसी बुक आणि चेसी नंबर घेऊन जा. मोडका पाटा उचलून नेता आला तर उत्तमच.

मापं स्वतः घ्या. पाट्याची रुंदी घ्या. प्रत्येक पाट्याची जाडी कॅलिपरने घ्या, कारण टेपने जाडी कळत नाही. मेन पाट्याची लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, पाठीवरून टेप टाकून मोजा. डोळ्याचं भोक, त्यात बसणाऱ्या बुशचं (नळीचं) माप, सेंटर बोल्टची (सगळे पाटे मधे एकत्र धरणाऱ्या बोल्टची) जाडीही लिहून घ्या. एक माप हमखास विसरलं जातं, ते म्हणजे सेंटर बोल्टपासून पुढचा डोळा किती आणि मागचा किती. बऱ्याच गाड्यांत हे दोन भाग सारखे नसतात. असा पाटा उलटा बसला तर एक्सल जागचा हलतो, चाक हौद्याच्या कमानीत मधोमध दिसत नाही आणि गाडी एका बाजूला ओढते. पाट्यावर दिशेची खूण नसेल तर खडूने बाण काढूनच गाडीखाली जा.

४. माझ्या मित्राच्या गाडीत ८ पाटे आहेत, माझ्यात ७. मलाही ८ चा सेट हवा. मजबूत तोच ना?

दिवसातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. पाटे मोजून मजबुती कळत नाही.

पाट्याच्या ताठपणात तीन गोष्टी असतात: संख्या, जाडी आणि लांबी. संख्या वाढली की ताठपणा त्याच प्रमाणात वाढतो. ७ चे ८ केले तर साधारण १४ टक्के वाढ. जाडीचं गणित मात्र घनाचं आहे, म्हणजे जाडी गुणिले जाडी गुणिले जाडी. ८ मिमीच्या जागी ९ मिमीचे पाटे घातले तर ५१२ चे ७२९ होतात, म्हणजे ४२ टक्के जास्त ताठ. एक मिलिमीटरने एवढा फरक! लांबीचं उलटं आहे. पाटा लांब झाला की तो मऊ होतो, आणि तेही घनाच्याच हिशोबात.

म्हणून ८ मिमीचे ८ पाटे हे ९ मिमीच्या ७ पाट्यांपेक्षा मऊ निघतात. तुमच्या मित्राच्या गाडीत कुठले आहेत हे कॅलिपर लावल्याशिवाय कळणार नाही. एकदा एक गडी हट्टाने ९ पाट्यांचा सेट घेऊन गेला आणि महिन्याने "गाडी पहिल्यापेक्षा जास्त बसते" म्हणत परत आला. मोजलं तर नऊच्या नऊ पाटे मूळच्या पाट्यांपेक्षा मिलिमीटरभर पातळ. सेट आमच्याच काउंटरवरून गेला होता आणि देताना मीही मोजला नव्हता. तेव्हापासून कॅलिपर गल्ल्याशेजारीच ठेवतो.

"किती पाटे?" हा प्रश्न सोडा. "माझ्या मागच्या एक्सलवर किती वजन येतं आणि गाडी किती दबते?" हे विचारा. ते मोजायचं कसं, हे पुढच्या उत्तरात.

५. माझ्या लोडला किती ताठ पाटा लागेल हे घरच्या घरी काढता येतं का?

वजनकाटा जवळ असला की येतं. रिकामी गाडी काट्यावर न्या, पण फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. आकडा लिहा. मग नेहमीचा माल भरून पुन्हा तेच. दोन्ही वेळा चाकाच्या मधापासून हौद्यापर्यंतचं अंतरही मोजा.

समजा रिकामी असताना मागे ७०० किलो आले आणि भरल्यावर २००० किलो. फरक १३०० किलो, एका बाजूला ६५०. भरल्यावर गाडी ९० मिमी दबली. ६५० ला ९० ने भागलं की साधारण ७.२. म्हणजे एक मिलिमीटर दबायला ७.२ किलो लागतात. हा तुमच्या पाट्याचा ताठपणा. आता कुणी ९ मिमीचे पाटे सुचवले (तुमचे ८ चे आहेत असं धरून), तर ७.२ चे होतील १०.२ आणि तोच माल भरल्यावर गाडी ६४ मिमी दबेल. एवढं पुरे आहे का, की उगाच जास्त होतंय, हे आता तुम्हीच ठरवू शकता.

माझा ठोकताळा असा: पासिंगइतका (आरसीप्रमाणे परवानगी असलेला) पूर्ण माल भरल्यावर मेन पाटा जवळपास सरळ दिसावा आणि बंप रबराखाली निदान दोन बोटं फट उरावी. खाली हेल्पर पाटे (भार वाढल्यावरच कामाला लागणारे जादा पाटे) असतील तर ते टेकल्यावर ताठपणा एकदम वाढतो, म्हणून मोजणी अर्ध्या लोडला आणि पूर्ण लोडला अशी दोनदा करा.

६. पूर्ण सेट नको, फक्त एक जादा पाटा टाकून घेतला तर?

चालतं, पण शिस्तीत केलं तर. जादा पाटा बाकीच्यांच्या रुंदीचाच हवा आणि त्याची कमान शेजारच्या पाट्याशी जुळणारी हवी, नाहीतर तो एकटाच भार घेतो आणि पहिला मोडतो. तो सेटच्या चढत्या-उतरत्या लांबीत जिथे शोभेल तिथेच बसला पाहिजे. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळून धरणारे यू आकाराचे बोल्ट) दोन्ही लांब घ्यावे लागतात. जुन्याच यू-बोल्टला शेवटच्या दोन आट्यांवर नट टेकवून गाडी सोडून देणारे कारागीर पाहिले आहेत. तिथून लवकर घरी जा.

गाडी महिन्यातले पंचवीस दिवस भरलेली धावत असेल तर जादा पाटा ठीक. आठवड्यातून दोनदाच माल असेल तर हेल्पर पाटे बरे. रिकाम्या गाडीत ते टेकत नाहीत, म्हणून चाल मऊ राहते.

७. पाटे वाढवले की जास्त माल भरता येईल ना? १.७ टन पासिंग आहे, मला अडीच टन न्यायचाय.

नाही. पाटा भार पेलेल, पण एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसी तेच राहतात. पाटे ताठ केल्यावर गाडी खाली बसत नाही, त्यामुळे ड्रायव्हरला वाटतं की भार पेलतो आहे. उतारावर ब्रेक लावला की खरं काय ते कळतं.

कायद्याच्या बाजूनेही तसंच. पासिंग आरसीवर लिहिलेलं असतं, पाटे वाढवून ते वाढत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही गाडीवाल्याकडे.

थोडा हिशोब इथेच देतो, कारण फसगत वजनाच्या अंदाजात होते. १,००० लिटर पाणी म्हणजे बरोबर एक टन. २० किलो टोमॅटोचं क्रेट, क्रेटच्या वजनासकट २२ धरलं, तर १.७ टनात ७७ क्रेट बसतात. कांद्याच्या ५० किलोच्या गोण्या ३४. आणि वाळू? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्याचं चार टनांच्या वर वजन भरतं. "अर्धाच ब्रास आहे" म्हणणारा दोन टनांच्या पुढे गेलेला असतो, आणि वाळू ओली असेल तर आणखी पुढे. या १.७ टनांतूनच वरची लोखंडी जाळी, ताडपत्री आणि पुढे दाटीने बसलेली माणसंही वजा करायची, हे कुणी लक्षात घेत नाही.

८. जुन्या पाट्यांना कमान मारून घेऊ का? निम्म्याहून कमी पैशात होतं.

दोन प्रकार आहेत. थंड पाट्यावर घणाने किंवा प्रेसने कमान देतात. यात पोलादाची जात बिघडत नाही, पण थकलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा बसतो. गाडी विकायच्या आधी किंवा हंगाम ढकलायला ठीक.

दुसरा प्रकार म्हणजे भट्टीत लाल करून कमान देणं. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, मग पुन्हा ठरावीक उष्णतेवर ठेवून त्याला लवचीकपणा आणलेला असतो. उघड्या भट्टीत तो लाल केला की ही सगळी मेहनत पुसली जाते. नुसता गार होऊ दिला तर मऊ पडतो, पाण्यात बुडवला तर काचेसारखा तडकतो. ज्यांच्याकडे तापमान मोजायची आणि तेलात विझवायची सोय आहे तिथेच हे करा.

पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही. मोडलेल्या पाट्याला नाही आणि शाबूत पाट्यावर ब्रॅकेट चिकटवायलाही नाही. वेल्डिंगच्या शेजारीच पुढची चीर पडते.

९. कंपनीचा, नावाजलेल्या ब्रँडचा की लोकल?

गाडीच्या कंपनीचा घेतला तर माप चुकत नाही, एवढा त्याचा मोठा फायदा. देशात पाटे बनवणारे मोठे कारखाने आहेत, हरियाणातलं यमुनानगर त्यासाठी नावाजलेलं आहे. यांतले काही कारखाने गाडी कंपन्यांनाही माल देतात आणि बाजारातही विकतात. अशा ब्रँडचा सेट बिलासकट घेतला तर मला काही वावगं वाटत नाही.

लोकल पाटा घेताना चार गोष्टी बघा. पोलादाची जात विचारा. ईएन-४५, एसयूपी-९, एसयूपी-११ए ही नावं दुकानदाराला माहीत असायला हवीत. पाट्याच्या कडा मारलेल्या, गुळगुळीत आहेत का बघा, कारण धारदार कडेवर चीर लवकर सुरू होते. पृष्ठभागावर बारीक छर्रे मारल्यासारखी खरखर दिसली तर चांगलं, त्याने पाट्याचं आयुष्य वाढतं. शेवटी कडेला एक कानस ओढा. साध्या लोखंडात ती लोण्यात सुरी गेल्यासारखी जाते, स्प्रिंगच्या पोलादावर घसरत घसरत चावते.

१०. भंगारातून त्याच मॉडेलचे पाटे मिळतायत, घेऊ?

नको. पाटा किती वेळा वाकला हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. फारच अडचण असेल तर डिझेलने धुऊन, तारेच्या ब्रशने घासून, सेंटरच्या भोकाभोवती आणि डोळ्याच्या वळणावर केसासारखी चीर आहे का ते उन्हात बघा. चिरेत तांबूस गंजाची रेघ दिसते.

११. पॅराबोलिक पाटे बसवले तर चाल सुधारते म्हणतात. बदलून टाकू?

पॅराबोलिक पाटा मधे जाड आणि टोकांकडे निमुळता असतो. पाटे एकमेकांना मधे आणि टोकालाच टेकतात, त्यामुळे घासणं कमी, वजन कमी, चाल मऊ. गाडीत मुळातच तो असेल तर तोच घ्या. साध्या सेटच्या जागी घालायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. यू-बोल्ट, एक्सलची उंची, शॉकअप सगळं बदलतं. शिवाय दोन-तीनच पाटे असल्यामुळे एक मोडला की गाडी जागेवर बसते. साध्या सात पाट्यांतला एक मोडला तरी माणूस हळूहळू घरी पोचतो. आडवळणाच्या गावी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

१२. बुश रबरचे घालू, नायलॉनचे की गनमेटलचे?

गाडीला मुळात जे आहेत तेच. रबराला ग्रीस लागत नाही आणि आवाजही नसतो. गनमेटलचे टिकतात, पण दर पंधरा दिवसांनी ग्रीस मारणारा हात हवा. तो हात नसेल तर पिन आणि बुश एकमेकांना खातात. नायलॉन मधला, थोडा कडक.

१३. यू-बोल्ट जुनेच वापरले तर? दिसायला चांगले आहेत.

नवीन घ्या. यू-बोल्ट एकदा कसला की ताणला जातो आणि आटे दबतात. पुन्हा तेवढाच घट्ट तो धरत नाही. पाट्यांच्या खर्चात यू-बोल्टची किंमत किरकोळ असते, आणि पाटे मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण ढिला यू-बोल्टच असतो. सेंटर बोल्टही त्याच वेळी बदला.

१४. गॅरेजमध्ये उभं राहून काय बघू? मला यातलं फार कळत नाही.

तीनच गोष्टी. पहिली, एक्सलवरची बैठक साफ केली का. तिथे माती आणि गंज ठेवून पाटा बसवला तर तो आठ दिवसांत ढिला होतो. दुसरी, यू-बोल्टचे चार नट आळीपाळीने, आडव्या-तिरप्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने कसले का. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त चुकते. रबरी बुश असतील तर शॅकलचे (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) आणि डोळ्याचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर खाली घ्यायची, दोनदा हौदा दाबून हलवायचा, मग आवळायचे. हवेत आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. मग दोष बुशच्या कंपनीला.

पहिल्या भरलेल्या खेपेनंतर, किंवा फार तर ५०० किलोमीटरवर, यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या. "नंतर येतो" म्हणून गेलेले बहुतेक जण मोडका पाटा घेऊनच येतात.

१५. नवीन पाटे घातल्यापासून रिकामी गाडी उडते आणि मागून उंच दिसते. फसवलं का मला?

थोडी उंच दिसणारच. जुने बसलेले होते आणि तुमची नजर त्यांना सरावली होती. दोन-चार भरलेल्या खेपांत नवा सेट किंचित खाली येतो. त्यानंतरही रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर टणाटण उडत असेल, तर पाटे तुमच्या कामापेक्षा ताठ आहेत. हिशोब प्रश्न ५ प्रमाणे करून बघा.

शॅकलकडेही बघा. नव्या पाट्याची कमान फार जास्त असली की दोन डोळ्यांतलं अंतर कमी होतं आणि शॅकल आतल्या बाजूला ओढली जाते. ती चेसीला किंवा पाट्याला टेकत असेल तर पाटा चालत नाही, नुसता धक्का देतो. शॉकअप बदलून यात काही होणार नाही. शॉकअप भार घेत नाही, उसळी मारणाऱ्या पाट्याला आवरतो एवढंच. अर्थात तेल गळून वाळलेला शॉकअप असेल तर तोही बदला.

१६. पाटे बदलल्यावर ब्रेक बदलल्यासारखा वाटतो. आणि खालून गुणगुण येते. याचा पाट्याशी संबंध आहे?

दोन्हींचा आहे. काही गाड्यांत मागच्या एक्सल आणि चेसीच्या मधे एक काडी असते, ती एका व्हॉल्व्हला जोडलेली असते. गॅरेजमध्ये याला एलएसपीव्ही म्हणतात. गाडी दबली की काडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी वर असेल तर तो समजतो रिकामी आहे, आणि मागचा ब्रेक कमी करतो. तुम्ही ताठ किंवा उंच पाटे घातले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते. मग सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर. पाटे बदलले की ही काडी सर्व्हिस मॅन्युअलच्या मापाने लावून घ्या. गाडीखाली अशी काडी नसेल तर प्रश्नच नाही.

गुणगुण किंवा थरथर ठरावीक वेगाला येत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या एक्सलला नेणाऱ्या दांड्याचा) कोन बदललेला आहे. मागची उंची वाढली की एक्सलच्या हाउसिंगचं तोंड फिरतं आणि क्रॉसला (शाफ्टच्या सांध्याला) वाकड्या कोनात फिरावं लागतं. पाटा आणि एक्सलच्या मधे पाचरीसारखी पट्टी घालून कोन परत आणता येतो. तसंच चालवत राहिलात तर क्रॉस जाईल.

१७. एकाच बाजूचा पाटा सारखा मोडतो. तीन वेळा बदलला. पाटाच खराब येतोय का?

एकदा मोडला तर पाट्यावर संशय घ्या. तीनदा मोडला तर गाडीवर. मोडका तुकडा फेकू नका, तो कुठे मोडलाय यावरून बरंच कळतं.

सेंटरच्या भोकातून मोडला असेल तर यू-बोल्ट ढिला होता, हे जवळजवळ ठरलेलं. यू-बोल्टची पकड गेली की सगळा मार भोकाच्या कमजोर जागेवर येतो. डोळ्याजवळ मोडला असेल तर बुश गच्च झालाय किंवा शॅकल अडकते, पाट्याला हलायला जागा मिळत नाही. नुसता मेन पाटाच मोडतो आणि खालचे शाबूत राहतात? मग क्लिप बघा. चाक खड्ड्यात सुटून लोंबकळतं तेव्हा क्लिप सगळे पाटे एकत्र धरून ठेवते. ती तुटली किंवा बसवतानाच गायब झाली असेल तर तो उलटा झटका मेन पाटा एकटा खातो.

माझ्या सुरुवातीच्या काळात एक दुधाची गाडी अशीच डाव्या बाजूला मोडून मोडून यायची. मी दरवेळी नवा पाटा घालायचो, दरवेळी नवे यू-बोल्ट, आणि मनातल्या मनात ड्रायव्हरला शिव्या. चौथ्या खेपेला आमच्या जुन्या मिस्त्रींनी मला बाजूला केलं, पाटा खाली उतरवला आणि एक्सलच्या बैठकीवर पोलादी पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसत होता. बैठक मधे खोलगट झाली होती आणि सेंटर बोल्टच्या डोक्याचं भोक गोलाचं लांबट झालं होतं. वरून कितीही आवळा, खाली बसायला जागाच नव्हती. मिस्त्री काही बोलले नाहीत, पट्टी माझ्या हातात दिली. बैठक दुरुस्त केल्यावर ती गाडी पाट्यासाठी परत आली नाही.

१८. दोन्ही बाजूंना नवे पाटे घातले, तरी गाडी डावीकडे झुकते.

आधी पाटे अदलाबदल झालेत का बघा. काही मॉडेलमध्ये डाव्या आणि उजव्या पाट्याचा पार्ट नंबर वेगळा असतो. ते ठीक असेल तर बुश, हँगर ब्रॅकेट आणि पुढची सस्पेन्शन तपासा. पुढची एक बाजू बसली की मागचा विरुद्ध कोपरा उचलल्यासारखा दिसतो. हौदाच चेसीवर वाकडा बसवलेला असेल तर मापं हौद्यापासून नाही, चेसीपासून घ्या. अशा तीन गाड्या तरी मी पाहिल्यात, ज्यांच्या मालकांनी पाट्यावर पैसे घातले आणि वाकडा निघाला हौदा.

१९. पाट्यांच्या मधे ग्रीस लावायचं की नाही? एक म्हणतो लाव, दुसरा म्हणतो धूळ बसते.

दोघंही आपापल्या परीने बरोबर. साध्या पाट्यांना जोडतानाच, आतल्या बाजूने ग्रॅफाइटचं ग्रीस पातळ लावा. वरून फासलेलं ग्रीस फक्त धूळ धरतं. टोकाला नायलॉनच्या चकत्या असतील तर ग्रीस नको. आणि गाडीखाली जळकं तेल फवारून घ्यायची हौस असेल तर रबरी बुश वाचवा, तेलाने रबर फुगतं.

कोकणातल्या गाड्यांचं वेगळं आहे. मासळीच्या क्रेटमधून खारं पाणी सतत ठिबकतं आणि पाट्यांच्या मधे साचतं. तिथे पाटे मोडण्याआधी गंजून पातळ होतात. रोजच्या खेपेनंतर गोड्या पाण्याचा पाइप पाट्यांवर मारणं हे कुठल्याही ग्रीसपेक्षा जास्त कामाचं. खताची वाहतूक करणाऱ्यांनाही हेच.

२०. गाडीवर कायमची पाण्याची टाकी (किंवा खाद्यपदार्थांची गाडी) बसवलीय. रिकामी अशी ती कधी नसतेच. मग?

तुमच्यासाठी हिशोब उलटा. बाकीच्यांना रिकामी आणि भरलेली या दोन्हींचा मेळ घालावा लागतो, तुम्हाला एकाच वजनाला गाडी सपाट हवी. म्हणून हेल्पर पाट्यांपेक्षा मुख्य सेटच त्या वजनाला योग्य निवडा. काट्यावरचा आकडा घेऊन गेलात तर चांगला कारागीर कमान त्याप्रमाणे ठरवतो. मात्र सतत दबलेला पाटा रोज मोकळा होणाऱ्या पाट्यापेक्षा लवकर बसतो, तेव्हा प्रश्न १ ची मोजणी दर सहा महिन्यांनी करा.

टाकी असेल तर आत आडव्या-उभ्या पट्ट्या आहेत का बघा. अर्धी भरलेली टाकी वळणावर पाणी एका बाजूला फेकते आणि तो झोक कुठलाच पाटा आवरू शकत नाही. अशी कायमची बांधणी आरसीवर चढवून घेतली नसेल तर ते काम पाट्यांच्या आधी करा.

२१. काढलेले जुने पाटे मिस्त्री ठेवून घेतात. मी मागू का?

मागा की, तुमचेच आहेत. मोडक्यांना भंगाराचा भाव मिळतो. गावात लोहार असेल तर तो त्याहून खूश होईल, कारण ऊसतोडीचा कोयता पाट्याच्या पोलादाचा असला तर धार धरून राहतो. आमच्या दुकानामागे तुकडे पडलेले असतात, कारखान्यांचा हंगाम तोंडावर आला की त्यांना मागणी येते. मेन पाट्याचा सरळ भाग आधी संपतो.